तीन पावलांचा कैदी

बसा. माझ्यावर नको, जरा बाजूला. कपड्यांना गंज लागेल. मी पायबेडी. दोन कडी, मधे हातभर साखळी, आणि तोंड कायम उघडं.

मला थापा मारायची सवय आहे, हे आधीच सांगून टाकते. जन्म तुरुंगातल्या लोहारखान्यात, आयुष्य कैद्यांच्या पायांत. तिथं प्रत्येक जण निर्दोष असतो आणि प्रत्येकाची गावाकडे दोनशे एकर आमराई असते. ऐकून ऐकून मीही शिकले. माझ्यात एक डाकू होता, तो एका बैठकीत सव्वाशे जिलब्या खायचा, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. ते खोटं आहे. जिलब्या चाळीसच होत्या.

पण बिंदुमाधव नावाच्या नटाची गोष्ट मी मीठमसाला न लावता सांगणार आहे. तिला तो लागतच नाही.

फाशीकोठडीत सात जणांनी मला पायांत घातलं. सातवा आला तेव्हा स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाली होती. कुठल्या तुरुंगात, ते विचारू नका. त्याला भेटायला कधी कोणी आलं नाही आणि त्यानं कधी कोणाचं नाव घेतलं नाही. कोठडी इतकी लहान की मला घेऊन तो तीन पावलं चाले, थांबे आणि वळे. डावा पाय किंचित ओढत. पुन्हा तीन पावलं. आठ महिने हेच.

शेवटच्या सकाळी मला काढायला शिपाई खाली वाकला, तेव्हा त्यानं विचारलं, "भैया, गंगाजी यहाँ से कितनी दूर हैं? दो घूँट पानी मिल जाता."

शिपाई हसला. "अब तो सीधे वहीं पहुँचोगे!"

त्याला नेलं. मी रिकामी होऊन जमिनीवर पडले, पण हलकी झाले नाही. लोखंडाला हे कळतं.

पुढे तुरुंगातलं जुनं लोखंड विकलं गेलं आणि मी बनारसच्या भंगारबाजारात आले. तिथं मला उल्हासनं उचललं. हा रेल्वेत कारकून, आणि रामघाटावरच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात दरवर्षी नाटक बसवणारा. त्या साली त्यानं तुरुंगातलं रहस्यनाटक लिहिलं होतं: एक निर्दोष माणूस फासावर चाललाय आणि खरा खुनी त्याच्याच कोठडीवर पहारा देतोय. नायक ठरला होता, तालमी सुरू होत्या, आणि ऐन वेळी रेल्वेनं नायकाची गोरखपूरला बदली केली.

"मी करतो," बिंदुमाधव म्हणाला.

तालमीची खोली हसून लोटपोट झाली. बिंदुमाधव दिवसा यजमानांची श्राद्धं चालवणारा भिक्षुक आणि गणेशोत्सवात वीस वर्षं गाजलेला विनोदी नट. नाक वर उचललेलं, डोळे दोन दिशांना निघालेले. तो रंगमंचावर नुसता आला तरी लोक हसत. रस्त्यात भेटला तरी हसत. पिंडदान करताना यजमानसुद्धा ओठ चावत बसे.

"बिंदू, मजाक सोड," उल्हास म्हणाला. "फाशीचा कैदी आहे तो. लोक हसले तर माझं नाटक गेलं."

"हसले तर मी पुन्हा तोंडाला रंग लावणार नाही. शपथ."

हा एवढा हट्ट कशासाठी, ते मला तालमींत कळलं. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको, प्रभावती, गेली. घाटावर चितेला अग्नी देताना त्याला मोठ्यानं हुंदका आला. दर नाटकात दुसऱ्या अंकात तो अस्साच रडून लोकांना हसवायचा. मागून कोणीतरी म्हणालं, "अगदी दुसऱ्या अंकातला!" आणि आख्खी मंडळी खुसखुसली. बिंदुमाधवाचं रडू तिथंच अर्ध्यात थांबलं. ते पुढे कधी पुरं झालं नाही. आपलंही काही खरं असतं, एवढं त्याला एकदा लोकांना मान्य करायला लावायचं होतं.

पहिल्या तालमीत मी त्याच्या पायांत आले. लहानसं कुलूप, किल्ली उल्हासच्या खिशात. बिंदुमाधव माकडासारखा फेंगडा चालला, सगळे हसले. दुसऱ्या दिवशी तो जरा बरा चालला. चौथ्या दिवशी त्याचा डावा पाय ओढू लागला. तीन पावलं, थांबणं, वळणं.

मी दचकले. बेडी दचकली की खणकते.

"हे कुठून काढलंस रे?" उल्हास खुश झाला.

"काय कुठून?" बिंदुमाधव म्हणाला. त्याला ठाऊकच नव्हतं.

मग तो माझ्याशिवायही तसाच चालू लागला. गल्लीत भाजी आणायला गेला तरी तीन पावलं, आणि थांबे. मागून येणारे त्याच्यावर आदळत आणि म्हणत, "का गुरू, कोणती नक्कल?" संध्याकाळी तो मला मांडीवर घेऊन बसे आणि कड्याच्या आतून बोट फिरवी. एकदा हळूच म्हणाला, "कोण आहे रे आत?"

मला बोलता येतं, पण तेव्हा धीर झाला नाही.

प्रयोग दुपारी चारला होता, कारण विजेचा भरवसा नव्हता. भाद्रपदातली गंगा घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर आली होती. प्रयोगाच्या चौकात बसलं तरी तिचा आवाज ऐकू येई. समोर मखरात गणपती, सतरंजीवर रामघाट, बालाजी घाट, राजा घाटावरची घरं. निम्मे पुरुष वैदिक नाहीतर भिक्षुक.

पडदा उघडला. बिंदुमाधव दिसला आणि हशा फुटला. पहिला अंक हशात गेला. दुसऱ्यात तो कोठडीत तीन पावलं चालायचा. दर वळणाला हशा. मध्यंतरात तो विंगेत भिंतीला डोकं टेकून उभा राहिला.

तिसरा अंक. शिपायाच्या वेषात उल्हासनं विचारलं, "तुझी शेवटची इच्छा?"

वाक्य होतं, 'मी निर्दोष आहे.' बिंदुमाधवानं तोंड उघडलं आणि आवाज निराळाच आला. बारीक आणि कोरडा.

"भैया, गंगाजी यहाँ से कितनी दूर हैं?"

हशा झाला. उल्हास गोंधळून वाक्य सुचवायला लागला.

"दो घूँट पानी."

हशा झाला, पण निम्मा.

"दो घूँट..."

मग कोणी हसलं नाही. चौकात फक्त नदीचा आवाज राहिला.

बिंदुमाधवानं खाली माझ्याकडे पाहिलं. आता चेहरा त्याचा होता, भिक्षुकाचा. नाटकातल्या कैद्याला जानवं नव्हतं, पण हा नेमका आपलं काढायला विसरला होता. त्यानं सदऱ्याच्या गळ्यातून ते ओढलं, डाव्या खांद्यावरून काढलं आणि उजव्या खांद्यावर घेतलं.

पितरांना पाणी देतानाच तसं घेतात. त्या चौकात हे सांगावं लागत नाही. आणि नाटकात तसं कोणी करत नाही, हेही सांगावं लागत नाही.

तो रंगमंचावरून उतरला. तीन पावलं, थांबला. तीन पावलं, थांबला. लोकांनी सतरंजीवरून पाय ओढून वाट दिली. मखराजवळचा गंगेचा तांब्या त्यानं उचलला.

"तीळ," तो म्हणाला.

पहिल्या ओळीतल्या वासुदेवशास्त्र्यांनी, न विचारता, कमरेचा बटवा सोडून चिमूट दिली.

"नाव काय?" बिंदुमाधवानं माझ्याकडे बघत विचारलं. "गोत्र?"

"दक्षिणेला, बिंदू," मागून एक म्हातारा हलकेच म्हणाला. "दक्षिणेला तोंड कर. आणि गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हण."

तो वळला. "काश्यप गोत्र," त्यानं म्हटलं, आणि अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून पाणी सोडलं. एकदा, दोनदा, तीनदा. ते माझ्यावर पडलं. पहिल्या ओंजळीला माझ्या आतलं काहीतरी पाणी पिताना होतो तसा आवाज करून हललं. तिसरीला मी हलकी झाले. तोळाभर म्हणा, पण झाले.

कोणीतरी पडदा पाडला. बिंदुमाधव आत जाऊन वाट पाहत उभा राहिला. टाळी नाही. फक्त पावलांचा आवाज, लांब जाणारा.

"उठून गेले," तो म्हणाला. "पडलं नाटक."

उल्हासही कुठं दिसेना. बिंदुमाधव माझ्यासकट चौकाबाहेर, घाटाच्या कठड्याशी आला. यावेळी तो मधे थांबला नाही.

खाली सगळा प्रेक्षक पाण्यात होता. शालू, पीतांबर, कोटबीट यांच्यासकट. बायका पायऱ्यांवर बसून तांब्यानं डोक्यावर पाणी घेत होत्या. शिपायाच्या वेषातला उल्हास कमरेइतक्या पाण्यात डुबकी मारत होता, माझी किल्ली खिशात घेऊन. त्यांच्या समोर एका मेलेल्या माणसाला पाणी दिलं गेलं होतं. आता स्नान केल्याशिवाय घरी कसं जाणार? टाळ्या कसल्या वाजवता?

बिंदुमाधव पायऱ्या उतरला. शरदिनीकाकू, सगळ्यांत म्हाताऱ्या आणि सगळ्यांत मोठ्यानं हसणाऱ्या, ओल्या केसांनी वर बघत म्हणाल्या, "कोण होता रे तो?"

"माहीत नाही काकू."

"बरं." त्यांनी केस पिळले. "प्रभावतीच्या वेळी आम्ही हसलो होतो. मी पण."

तो पायरीवर बसला. मग जे रडू दोन वर्षं अर्ध्यात अडकलं होतं ते आलं, नाक वर, डोळे दोन दिशांना, अगदी दुसऱ्या अंकातलं. कोणी हसलं नाही. काकूंनी त्याच्या डोक्यावर तांब्या रिता केला.

पुढच्या वर्षी त्यानं पुन्हा विनोदी काम केलं, कारण लोकांना हसवल्याशिवाय त्यालाच करमेना. मला त्यानं देवघराच्या बाहेर खुंटीला टांगलं. आता तोही नाही. त्याची नातसून विद्युल्लता परवा म्हणाली, "ये लोहा निकालो घर से. रात को हिलता है." भंगारवाल्याला निरोप गेलाय आणि मला खुंटीवरून उतरवून इथं खाली ठेवलंय.

ती खोटं बोलत नाही. हलणारी मी नाही, बाकीचे सहा आहेत. एक गुणगुणतो, एक दारावर टकटक करतो, एक अजून जिलबी मागतो. त्यांना पाणी द्यायचं राहिलंय आणि नावं मलाही माहीत नाहीत. म्हणून विनवते, मला विकायचं तर विकू द्या, पण त्याआधी तुम्ही एकदा घाटावर न्या. भट्टीत लोखंड वितळतं. आतली माणसं वितळतात का, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.