महांतेशचं गाल

दोन हजार आठ साली महांतेश माझ्या फोटो स्टुडिओत आला आन् म्हणाला, "काका, फोटो काढा. नुसतं गालाचं."

"गालाचं? पासपोर्ट कुठल्या देशाचा काढतोयस?"

पोरगं हसलं न्हाय. राजारामपुरीत त्याचं कापडाचं दुकान, वय अठ्ठावीस, आन् गाल असलं की कुणालाबी चिमटा काढू वाटावा. फोटो पुण्याच्या डॉक्टरनं मागवलं हुतं. तोंडातनं आत छेद द्यायचा आन् गालातली चरबी काढून टाकायची. सोमवारी ऑपरेशन.

"फायदा काय?"

"जबडा दिसतोय की. बाहेरनं वण न्हाय. आन् चरबी परत येत न्हाय, जन्मात."

"म्हंजे पस्तावलास तरी येत न्हाय."

त्याच्या हातातला कागद मी वाचला. डॉक्टरनं सगळं लिवलं हुतं: नस दुखावू शकते, लाळेची नळी कापली जाऊ शकते, आन् वय झालं की गाल खोल जाऊन माणूस जास्तच म्हातारा दिसतो. ह्यानं न वाचताच सही ठोकलती.

"ऑपरेशननंतरचा फोटो बी आत्ताच लागतोय," मी थाप मारली. "गाल आत वढ. आणखी आत. श्वास सोडू नगंस."

पोरगं लालेलाल झालं तवा बटन दाबलं आन् कॅमेऱ्याचा पडदा त्याच्याम्होरं धरला.

त्यानं पडदा डोळ्याजवळ ओढला. "ह्ये तर आमचं आप्पा."

आप्पा म्हंजे त्याचं वडील ईरप्पा, वय पासष्ट. कवळी काढल्यावर हुबेहूब.

"आप्पांच्या लग्नाचा फोटो हाय माझ्याकडं. तुझ्यापरास गुबगुबीत हुतं. काय बी न कापता हितं पोचलं बघ."

"तरी करणार. मुलीकडच्यांनी नावं ठेवल्यात."

मुलगी गडहिंग्लजची सुष्मिता. ह्याला लई पसंत. पावणं दुकान बघाय आलं, तवा तिच्या आत्यानं, महादेवीनं, तिच्या कानात म्हटलं, 'गल्ला लई मोठा हाय.' ह्यानं ऐकलं. ह्यांच्या घरात कन्नड. कन्नडमधी गल्ल म्हंजे गाल.

"आत्या हुत्या कुठं?"

"काउंटरपाशी. मी ड्रॉवर उघडून गिऱ्हाईकाला मोड देत हुतो."

मी हसून हसून स्टुलावरनं खाली आलो. त्याचाच मोबाईल घेऊन आत्याला लावला, स्पीकर चालू ठेवला.

"महादेवी अक्का, महांतेशच्या बाजूनं बोलतोय. कुठला गल्ला मोठा म्हणालासा?"

"आन् कुठला? पैशाचा. खरं तुमचा निरोपच न्हाय. दोन महिनं थांबा म्हणं. आमी न्हाय थांबत, उद्या नेसरीचं स्थळ बघाय चाललोय."

दोन महिनं ह्यानंच सांगितलं हुतं, सूज उतरंस्तवर. आता त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. फोन हिसकावला. "सुष्मिताला द्या."

ती आली. ह्यो चाचरत म्हणाला, "माझं गाल..."

"ते बी मोठंच हायत," ती म्हणाली. "खरं तुमच्या वडलांस्नी बघितलंय मी. पुढं तसंच हुणार. तवर हायत ते ऱ्हाऊ देत की. निरोप देताय का जाऊ नेसरीला?"

"ह्योच निरोप. जाऊ नगासा."

पोरगं लाजलं. एवढ्या गालांवर लाजायला जागा बी भरपूर.

मग पुण्याला फोन लावून ऑपरेशन नगं म्हणाला. दवाखान्यातल्या बाईनं कारण इचारलं.

"आमच्या घरातनं नगं म्हणत्यात."

"कोण, मिसेस का?"

"व्हय," महांतेश म्हणाला. "म्हंजे, लगीन व्हायचंय अजून."