गायीच्या तोंडचा घास

नमुनेवाल्याने गवताची पिशवी ताणकाट्याला अडकवली आणि आकडा स्थिर होईपर्यंत डोळे मिटून घेतले. दोनशे दहा ग्रॅम. चाऱ्याचा कस तपासणाऱ्या प्रयोगशाळेला दोनशे पुरत. वरचे दहा म्हणजे तिच्यावर उपकार.

"भरली की नाही?" मावशींनी चहाचा कप पुढे केला. तेरा गायींच्या या मालकीणबाई त्याच्या नात्यातल्या नव्हत्या, पण चार वर्षं चहा पाजल्यावर माणूस मावशी होणारच.

नमुन्याचा नियम असा होता, की चरणाऱ्या गायीमागे चालायचं आणि ती जे खाईल तेच खुडायचं. थोडक्यात, सरकारी पगारावर गाय व्हायचं. पहिला महिना तो झालाही. मग गुडघे बोलू लागले. "तुम्ही बसा, मी आणते," म्हणत मावशींनी पिशवी हातातून घेतली, आणि तो सावलीत खुर्ची टाकून बसला तो चार उन्हाळे बसलाच.

माळावर गवत कंबरेएवढं उभं होतं. जीपमधून बघणाऱ्याला वाटावं, इथल्या गायींनी नशीब काढलं. पण पाऊस थांबून सहा महिने झाले की त्या गवतात केरसुणीइतकाच कस उरे. गायींची पोटं नगाऱ्यासारखी फुगलेली आणि वर बरगड्या. गाभण तांबडी तर सकाळी उठताना दोनदा कोलमडली होती.

"यंदा तरी पेंड येईल ना हो? नदीकाठच्यांना दोनदा आली. गेल्या उन्हाळ्यात माझ्या दोघी बसल्या, त्या बसल्याच. आता हिची पाळी."

"अहवालावर असतं, मावशी. कस कमी, तिथे पेंड. तुमच्या गवताचा कस नदीकाठापेक्षा सरस येतो. मोठे साहेब कौतुक करतात तुमच्या माळाचं."

"मग त्यांनाच चरायला पाठवा."

चिठ्ठी घालायला त्याने पिशवीत हात घातला. गवत बोटांना गार लागलं. त्याने मूठभर बाहेर काढलं. कोवळं, हिरवंगार.

"हे तांबडीने खाल्लं?"

"तिला कुठलं मिळायला! विहिरीच्या पाटाच्या कडेचं आहे, वासरांसाठी कुंपण घालून राखलेलं. तिच्यामागे फिरून मूठभर काड्या मिळतात. तुम्ही एवढ्या लांबून येणार, हलक्या पिशवीने कसं पाठवायचं? दरवेळी यातलंच देते. चांगलं चांगलं निवडून."

पाहुण्याला साजूक तूप वाढल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं. त्याने स्वतःच्या खुर्चीकडे पाहिलं. मग उठून त्याने सगळी पिशवी तांबडीपुढे उपडी केली. दोनशे दहा ग्रॅम तिला चार घासही पुरले नाहीत.

"अहो, नमुना! वजन कमी भरलं तर परत येईल ना?"

"येऊ दे. परत पाठवीन. पण अहवाल आता हिच्या तोंडचा जाईल, मावशी. आजवर विहिरीचा जात होता."

मावशींनी दावणीतल्या, गेल्या उन्हाळ्यापासून मोकळ्या असलेल्या दोन खुंट्यांकडे पाहिलं.

त्याने तांबडीचं दावं सोडलं आणि तिच्यामागे उन्हात निघाला. ती थांबली की तो थांबे. बऱ्याच वेळाने तिने एक काडी ओढली, चघळली आणि टाकून दिली. त्याने तशीच एक खुडली, नियम आठवून पाहिला, काडी खाली टाकली आणि रिकामी पिशवी घेऊन पुढे चालू लागला.