चेटकिणीचा दुसरा डोळा

हिल्डा गेली तेव्हा चेटकिणीचा एकच डोळा रंगवून झाला होता.

चेटकीण म्हणजे अंगठ्याएवढी प्लास्टिकची बाहुली. हातात काठी, पाठीला पोक, अंगावर पायघोळ झगा. केनीने आईसाठी आणलेल्या खोक्यातली ती शेवटची. त्या खोक्यात तलवारवाले होते, दाढीवाला एक बुटका होता, पंखांचं एक जनावर होतं. टेबलावर नकाशा पसरायचा, त्यावरून या सगळ्यांना फिरवायचं, फासे टाकून राक्षस मारायचे, असा तो खेळ. केनी हिल्डा आणि तिचा नवरा आलोशियस यांचा एकुलता मुलगा, नायगावच्या टॉवरमध्ये राहायचा. रविवारी त्याच्याकडे दोस्त जमायचे आणि खेळ रंगायचा. हिल्डाला आजारपणात घराबाहेर पडणं जमेना, तेव्हा त्याने तिला फोनवरून खेळात घेतलं आणि रंगवायला ही पलटण उमेळे गावातल्या घरी आणून दिली. खेळात हिल्डा चेटकीण होती. स्वतःची बाहुली तिने मागे ठेवली होती. "आधी हात बसू दे," म्हणायची, "मग मी मला रंगवीन."

आलोशियसला हे अजिबात रुचलं नव्हतं. कारखान्याच्या स्टोअरमध्ये जन्म काढलेला माणूस. रिटायर झाल्यावर दोघं वेलंकनी मातेच्या यात्रेला जाऊ, निवांत बसू, असं त्याच्या मनात होतं. निवांत बसायची वेळ आली ती अशी, की हिल्डा पडवीत टेबलाशी भिंग लावून राक्षसांचे दात रंगवतेय आणि हा हातात पेजेची वाटी घेऊन उभा.

"तिथे ठेव," ती मान वर न करता म्हणायची. "रंग ओला आहे."

ब्रशचं टोक बारीक व्हावं म्हणून ती ते ओठांत धरून ओढायची. ते बघून त्याचं डोकं फिरायचं.

"अगं, विषारी असेल तो रंग!"

"असू दे. आता मला वेगळं विष कशाला हवं?"

आणि हसायची. मग केनीचा फोन यायचा आणि आणखी हसायची. कुठल्या गुहेत शिरायचं, कोणाला जाळायचं, यावर मायलेकरांची खलबतं चालायची. आलोशियस मागच्या दाराने केळींना पाणी घालायला जायचा. केळी तरी आता कुठे राहिल्या होत्या? शेजारच्या वाडीला बिल्डरने पत्रे ठोकले होते, आणि उरलेल्या ओळीला दोनदा पाणी घातलं तरी संध्याकाळ संपत नसे.

ती गेल्यावर टेबल तसंच राहिलं. तिच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर मेणाने चिकटवलेली चेटकीण, पांढरे केस आणि चेहरा झालेली, उजवा डोळा झालेला. बाकी सगळी करडी.

वर्ष भरत आलं तेव्हा केनी एका रविवारी आला.

"पप्पा, चर्चमध्ये मम्मीचा वर्षाचा मिस्सा झाला की माझे दोस्त इथेच येणार. तिचा खेळ अर्धा राहिलाय, तो पुरा करू. चेटकीण मी घरी नेतो, रंगवून आणतो."

"ती इथून हलणार नाही."

"अर्धीच आहे रे ती."

"मी करतो पुरी."

केनी हसला. "तू? तू कधी ब्रश धरलायस?"

"दफनभूमीतला क्रूस कोण पॉलिश करतो? तुझ्या आजोबांचा कोण करायचा? आता तुझ्या आईचा कोण करतो?"

"क्रूसाला डोळे नसतात, पप्पा."

आलोशियस चेटकिणीची बाटली हातातून सोडीना. त्या शेवटच्या दिवसांतलं हिल्डाचं जे काही होतं, ते सगळं केनीच्या वाट्याला गेलं होतं. हसणं, गप्पा, गुहा, राक्षस. याच्या वाट्याला औषधांच्या वेळा आल्या. निदान या एका बाहुलीवर तरी तिच्या हाताशेजारी आपला हात लागावा, एवढंच त्याला हवं होतं. पण हे मुलाला कसं सांगायचं?

शेवटी केनीच नमला. "बरं. पण आधी यांच्यावर हात बसव," म्हणून त्याने बुटक्या राक्षसांची एक पिशवी टेबलावर ओतली. एकेकाचं नाक भेंडीएवढं, कान वटवाघळासारखे. "हे बिघडले तरी कोणी रडणार नाही."

त्या दुपारी त्याने बापाला शिकवलं. आधी बाहुली साबणाने धुवायची, म्हणजे तेलकटपणा जातो. मग अंगणात नेऊन प्रायमरचा फवारा, तोही लांबून. रंग बाटलीतून थेट घ्यायचा नाही. फुटक्या टाइलवर थेंब काढायचा आणि पातळ करायचा, दुधाइतका. ब्रश मुळापर्यंत बुडवायचा नाही. कोपर टेबलाला टेकवायचं.

"जाड थर मारलास की नाक-तोंड बुजलं म्हणून समज. दोन थर दे, तीन दे, पण पातळ. काही विसरलास तरी चालेल, हे विसरू नको. पातळ कर."

"कळलं रे. बहिरा नाही मी."

पहिला राक्षस त्याने जाडच रंगवला. हिरव्या रंगात कान बुडाले, आणि दात रंगवायला गेला तर पांढरा ठिपका हनुवटीवर ओघळला. शेजारची ग्रेसी अंडी द्यायला आली होती, ती वाकून बघत राहिली.

"आलोशियस भाऊ, नाताळच्या गोठ्याची तयारी आत्तापासूनच? हे मेंढरू का?"

"राक्षस आहे."

"अगो बाई. त्याला गोवर आलाय काय?"

"अंडी ठेव आणि जा, ग्रेसी."

"हिल्डा बघत असेल हो वरून. पोट धरून हसत असेल."

"हसू दे. इथे असताना तरी काय करत होती?"

ग्रेसी अंडी ठेवून निघून गेली. आलोशियसने तो राक्षस खिडकीत ठेवला आणि दुसरा घेतला.

हळूहळू हात बसला. रंग वाळेपर्यंत थांबायला शिकला. काळपट पाण्यासारखा रंग घड्यांत सोडला की तो आपणहून खोल जागी जाऊन बसतो आणि सुरकुत्या उठून दिसतात, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो "आयला!" असं मोठ्याने म्हणाला, आणि ऐकायला कोणी नाही म्हणून त्याला राग आला. डोळ्यांचीही एक रीत होती. आधी काळी खाच भरायची, मग तिच्यात पांढरी रेघ, मग रेघेवर ठिपका. ठिपका देताना श्वास धरायचा. त्याचे राक्षस काणे झाले, तिरळे झाले, एकाला तर कपाळावर डोळा आला. एक दिवस ब्रशचं टोक फाकलं आणि त्याने नकळत ते ओठांत धरून ओढलं. मग तसाच बसून राहिला.

ओळीने राक्षस सरळ बघायला लागले तेव्हा कुठे त्याने चेटकीण समोर घेतली.

झगा आधी केला. गडद हिरवा, ती बाटली हिल्डानेच वेगळी काढून ठेवली होती. मग काठी, मग हात. शेवटी डावा डोळा. भिंगातून त्याने तिचा उजवा डोळा कितीतरी वेळ बघितला. हिल्डाने तो जरा मोठा केला होता आणि बुबुळ कोपऱ्यात ठेवलं होतं, कोणाकडे तरी तिरकं बघून थट्टा करावी तसं. केनीने शिकवलेला डोळा असा नव्हता. आलोशियसने कोपर टेकवलं, श्वास धरला आणि ठिपका दिला.

भिंग लावून बघितलं. दोन्ही डोळे एकीकडेच बघत होते. एक तिचा, एक त्याचा. केनी सोडला तर दोघांनी मिळून केलेलं दुसरं काही त्याला आठवेना. आणि केनीपेक्षा हे बरं उतरलंय, असं मनात येऊन तो एकटाच हसला.

मिस्साच्या आदल्या दिवशी तो दफनभूमीत गेला. हिल्डाच्या लाकडी क्रूसाला त्याने मेच्या अखेरीस पॉलिश मारलं होतं. सबंध पावसाळा खाऊन क्रूस उभा होता. नावातलं एक अक्षर पुसलं नव्हतं. त्याने पुन्हा एक हात मारला आणि डब्यात थोडं उरलेलं घरी आणलं.

चेटकीण पडवीत उभी होती. उद्या पाच-सहा जण तिला उचलतील, नकाशावर इकडून तिकडे करतील, त्यांच्या बोटांना वेफर्सचं तेल असेल. डोळा केवढासा, एका नखाने निघेल. त्याने हातातल्या डब्याकडे बघितलं. जे सहा फुटी लाकडाला पावसात टिकवतं, ते याला घरात नाही टिकवणार?

पॉलिश दाट होतं. दाट काही लावायचं नाही, हे त्याला आता पाठ झालं होतं. त्याने बाटलीतलं थिनर ओतलं आणि ढवळून ढवळून पॉलिश दुधाइतकं पातळ केलं. हिल्डाचा बारीक ब्रश घेतला. जे सगळ्यात जपायचं तिथून सुरुवात केली, चेहऱ्यावरून.

पॉलिश छान पसरलं. चेहरा ओला होऊन चकाकला. मग उजव्या डोळ्यातला ठिपका हलला. आलोशियसला वाटलं, भिंग हललं. ठिपका गालावर आला, मागून पांढरं आलं, पांढऱ्यामागून काळं. त्याने घाईने बोट लावलं. नाक बोटाला चिकटून आलं. खालचं प्लास्टिक मेणासारखं मऊ झालं होतं, आणि आता जिथे चेहरा होता तिथे त्याच्या अंगठ्याचा ठसा होता.

त्याने फुंकर मारली. फडका लावला. मग दोन्ही हात टेबलावर ठेवून बसला.

दुसऱ्या दिवशी मिस्सा झाल्यावर, जेवणं झाल्यावर, केनीने नकाशा पसरला. दोस्त भोवती बसले. "आण रे पप्पा आमच्या हिरॉइनला."

आलोशियसने बाटली पुढे केली. केनीने बघितलं. दोस्तांनी बघितलं आणि मोबाइलमध्ये डोकी घातली.

"काय लावलंस?"

"पॉलिश. टिकावं म्हणून."

"थिनरचं? प्लास्टिकला?"

"पातळ केलं होतं. तूच म्हणालास, पातळ कर."

"पाण्याने, पप्पा! पाण्याने!" केनीचा आवाज चढला, मग दोस्तांकडे बघून उतरला. त्याने बॅगेत हात घातला आणि टिश्यूत गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. "जाऊ दे. मला वाटलंच होतं."

आत चेटकीण होती. तीच काठी, तोच पोक, तोच साचा. झगा जांभळा, कडेला सोनेरी रेघ. दोन्ही डोळे सरळ, सारखे, स्वच्छ.

"वॉव," केनीचा दोस्त जॉयल म्हणाला. "सेम आंटीने केल्यासारखी."

कोणी नाही म्हणालं नाही. केनीसुद्धा नाही.

खेळ संध्याकाळपर्यंत चालला. आलोशियस कॉफीचा ट्रे घेऊन आला तेव्हा केनी मान वर न करता म्हणाला, "तिकडे ठेव पप्पा, नकाशा आहे." शेवटी जांभळ्या चेटकिणीने कोणाला तरी जाळलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, एकाने डोळे पुसले. मग केनीने हिल्डाच्या सगळ्या बाहुल्या खोक्यात भरल्या. "इकडे धुळीत खराब होतील," म्हणाला. जांभळी चेटकीण तिच्या जागेवर बसवली. राक्षस तेवढे खिडकीत राहू दिले.

"ती वितळलेली टाकून देऊ?"

"राहू दे."

"पप्पा, चिडू नको रे. तू मुद्दाम थोडंच केलंस?"

"तू केलंस ना पण मुद्दाम."

केनीने खोकं काखेत मारलं आणि तो गाडीकडे गेला.

आलोशियसने भिंग ओढलं. पॉलिश चेहऱ्यावरून केसांत उतरलं होतं, केसांतून खांद्यावर, आणि तिथेच थांबलं होतं. खालचा झगा जसाच्या तसा होता. घडीन् घडी उठून दिसत होती, काठीवरच्या गाठीसुद्धा. सगळं त्यानेच रंगवलेलं. त्याचा एक डोळा सोडला, तर तिचं होतं तेवढंच गेलं होतं.

ग्रेसी जेवणासाठी दिलेलं आपलं पातेलं न्यायला पडवीत आली. "झाली का हो पुरी तुमची बाई? बघू तरी," म्हणून तिने हात पुढे केला.

"हात लावू नको," आलोशियस मान वर न करता म्हणाला. "रंग ओला आहे."