उजव्या पाकळीचा कौल

दसरा उलटून गेला होता आणि हवा अशी कोंदली होती की सुपारीच्या वाडीतलं पानसुद्धा हलत नव्हतं. तरीही त्या मंगळवारी दुपारी देवदत्त करमरकरच्या हॉलमध्ये बोर्ली पंचतनपासूनची माणसं दाटीवाटीनं बसली होती. दारं बंद, खिडक्या बंद, पंखे बंद. घामानं सदरे पाठीला चिकटलेले. समोर पाटावर हिमानंद महाराजांनी आणलेला शेंदूर फासलेला पाषाण. त्याच्या डाव्या अंगाला त्याच्याच खांद्याएवढी समई. पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर जास्वंदीची एकेक ओली पाकळी चिकटवलेली.

कोकणात कौल लावणं नवं नाही. देवाला प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण इथे होकाराच्या आधी जे घडायचं, ते पाहायला माणसं येत होती.

"देवी हिमालय की बेटी हाय!" महाराज ओरडले. त्यांची मराठी नाशिकच्या पुढे गेली की हिंदी व्हायची आणि अडचण आली की संस्कृत. "ती प्रसन्न झाली की थंड साँस सोडते. बंद खोलीत बर्फाचा वारा येतो. विज्ञानाला विचारा, कुठून येतो! विज्ञानाचा बाप पण सांगू शकत न्हाय!"

"सांगू शकत न्हाय!" झांजवाल्यांनी री ओढली.

"आता कोण म्हणेल, महाराजांनी एसी लावला. लावला काय? बुधाजी, उठ बाबा. तुझ्या हातानं बंद कर."

बुधाजी उठला. आडदांड, मिठागरं सोडून ट्रक चालवणारा, कुणाचं ऐकून न घेणारा माणूस. म्हणूनच महाराज दर वेळी त्यालाच उठवत. त्यानं भिंतीवरच्या पांढऱ्या चकतीवर बोट दाबलं. तिच्यावरचा हिरवा आकडा विझला, खोलीच्या तापमानाचा बारीक आकडा तेवढा राहिला. "बंद क्येला," त्यानं जाहीर केलं. महाराजांनी त्या चकतीवर हिरवा खण अडकवला. "यंत्राची दृष्ट नको लागायला."

मग महाराजांचा सेवक पियूष मोठं पितळी ताट घेऊन फिरला. सगळ्यांचे मोबाईल त्या ताटात. फक्त पियूषचा त्याच्या हातात राहिला. तो भजन परदेशातल्या भक्तांना थेट दाखवत होता म्हणे.

श्रीवर्धनच्या शाळेत विज्ञान शिकवणारी मैथिली, देवदत्तची धाकटी बहीण, दारातच उभी होती. सकाळी भाचीचा फोन आला होता. "आत्या, आज देवीला विचारणार आहेत, माझ्या गोळ्या चालू ठेवायच्या की नाही." अकरा वर्षांच्या तुळशीला फिट यायच्या. गोळ्या सुरू झाल्यापासून वर्षभरात एकही आली नव्हती. मिळेल त्या एसटीनं मैथिली आली होती, आणि तरी उशीर झाला होता. प्रश्न विचारून झाला होता: गोळ्या बंद करायच्या का?

झांजा वाढल्या. आणि वारा आला. खरोखर आला. पुढच्या रांगेतल्या बायकांच्या अंगावर काटा आला, एकीनं पदर ओढून घेतला. "आली! आई आली!" पाषाणावरची उजवी पाकळी सुकली, कडेनं सुटली आणि टपकन खाली पडली.

तुळशीची आई गौरी दोन्ही हात जोडून रडत होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मैथिलीनं विषय काढला. "वहिनी, ही गोळी अशी एकदम थांबवायची नसते. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय."

"डॉक्टरांनी हेही सांगितलंय की किती वर्षं द्यावी लागेल ते सांगता येत नाही. देवीनं सांगितलं."

"तू पाकळीचं ऐकतेस?"

"तू वारा अंगावर घेतलास ना? मग? उद्या देवीनं उलट सांगितलं तर मी उलट करीन. पण तू सांगितलंस म्हणून नाही."

देवदत्त दारात टेकून उभा होता. बी.कॉम. झालेला, तालुक्याच्या बँकेत अधिकारी. "मैथू, एसीचं मला सांगू नकोस. ते मशीन आपण दोघांनीच बसवलंय."

बसवलं होतं खरं. घरी भाड्यानं उतरणारे पुण्याचे पाहुणे एसी चालू टाकून समुद्रावर जायचे आणि वीज वाया जायची. म्हणून त्यानं हॉलच्या एसीला वायफायवर चालणारी ती चकती लावून घेतली. पनवेलहून आलेला माणूस बसवून गेला, पण जांभ्याच्या भिंतीतून सिग्नल पोचेना. आठवडाभर दोघं भाऊबहीण राउटर घेऊन घरभर फिरले तेव्हा कुठे ते चाललं. त्यानंतर देवदत्त बँकेतल्या खुर्चीत बसून घरचा एसी बंद करायचा आणि शेजारच्या टेबलाला कौतुकानं दाखवायचा.

"म्हणजे ते फोनवरून चालू होतं, हे तुला माहीत आहे," मैथिली म्हणाली.

"माझ्या फोनवरून. आणि माझा फोन ताटात होता. सगळ्यांचेच होते."

"मग बंद यंत्राला दृष्ट कशी लागते रे दादा? खण कशाला?"

"तुला नाही कळायचं," म्हणत देवदत्त हॉलकडे वळला. शिकलेल्या माणसाची अंधश्रद्धा जास्त घट्ट असते. त्याला ती पुराव्यानिशी पटलेली असते.

मागच्या पडवीत घरकामाला येणारी जनी भांडी घासत होती. महाराजांच्या नियमाप्रमाणे अडचणीच्या बायकांनी हॉलमध्ये यायचं नाही, इथे बसायचं, आणि त्यांना कुणी शिवायचं नाही. जनी त्या दुपारी इथेच बसली होती.

"आमाला देवी दिसत न्हाय ताई, पन आयकू येते," ती म्हणाली. "ती आली की ह्यो पंप घरघरतो."

तिनं बोट दाखवलं तो पंप नव्हता. तो एसीचा बाहेरचा डबा होता. आत झांजा, बाहेर घरघर. ज्यांना अपवित्र म्हणून बाहेर बसवलं, त्यांच्याच कानाशी देवी सुरू होत होती.

परतीच्या एसटीत मैथिलीनं फोन काढला. बसवताना तिनंही ते अॅप घेतलं होतं. मूळ नोंदणी तिच्याच नावावर होती. वर्षभरात तिनं ते उघडलं नव्हतं. आत घर चालवणाऱ्यांची नावं होती: मैथिली. देवदत्त. पियूष सेवा.

तिनं भावाला फोन लावून साधाच प्रश्न विचारला. "दादा, पियूषला तुझा फोन कधी दिला होतास?"

"दिला होता की. नेट मध्येमध्ये जात होतं, त्यानं दोन मिनिटांत नीट करून दिलं. गुणी मुलगा आहे."

पाहुण्यांसाठी वायफायचा पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवणाऱ्या घरात याहून वेगळं काय व्हायचं! तिला ओरडावंसं वाटलं. पण तिनं फोन ठेवला. आत्ता सांगितलं तर देवदत्त महाराजांना विचारायला जाईल, महाराज डोळे मिटतील, आणि पुढच्या वेळी वारा दुसऱ्या वाटेनं येईल.

गुरुवारी तुळशीच्या हातातून वर्गात पेन्सिल गळली. बाई हाक मारत होत्या आणि ती भिंतीकडे बघत राहिली. क्षणभरच. तिनं आत्याला फोनवर सांगितलं आणि म्हणाली, "आईला नको सांगू. ती म्हणेल, गोळीचं विष बाहेर पडतंय. महाराज तसंच म्हणालेत."

शुक्रवारी मैथिली दुपारीच पोचली. पियूष ताट घेऊन पुढे आला तशी ती दोन पावलं मागे सरली. "शिवू नका मला. मी बाहेर बसते."

पियूष चटका बसल्यासारखा मागे झाला. ताटही मागे गेलं. मैथिली पडवीत जनीशेजारी जाऊन बसली. खिडकीच्या फटीतून पाषाण दिसत होता, आणि वर छताच्या डाव्या जाळीपाशी फुलांच्या मखरातून डोकावणारा पुठ्ठाही. फोन तिच्या ओच्यात होता.

"आज शेवटचा कौल!" आतून आवाज आला. "बेटीच्या उरलेल्या गोळ्या दिघीच्या खाडीत सोडायच्या. मुंबईचा डॉक्टर रद्द करायचा. देवी, हुकूम दे!" बुधाजीनं चकती बंद केली. खण चढला. पाकळ्या चिकटल्या. झांजा सुरू झाल्या.

मैथिलीनं यादीतलं तिसरं नाव काढून टाकलं.

झांजा वाढल्या. वारा आला नाही. झांजा आणखी वाढल्या. पियूष मोबाईलवर बोट आपटत होता. भजन परदेशी पाठवणाऱ्याचा चेहरा असा पडत नाही. लोक घामानं निथळत होते. महाराजांनी "साँस" या शब्दावर तीनदा जोर दिला. पडवीतला डबा गप्प होता.

"आज पंप न्हाय," जनी कुजबुजली.

समईच्या ज्योतीची धग डाव्या बाजूला लागत होती. डावी पाकळी सुकली, वळली, आणि पडली.

नकार.

"देवी नाही म्हणाली!" गौरी किंचाळली. तिच्या आवाजात भीती नव्हती, सुटका होती. "गोळ्या सोडायच्या नाहीत! तुळशी, चल, आत्ता देते." ती उठलीसुद्धा.

मैथिलीचा अंगठा फोनवर थांबला. झालं की काम. फोन पर्समध्ये टाकावा आणि शेवटच्या एसटीनं घरी जावं. पोरीला गोळी मिळेल, वहिनीचा देव शाबूत राहील, वाईटपणा कुणाकडेच नाही.

आत महाराज सावरत होते. "देवी रुसली हाय! बाहेर कुणाची तरी सावली पडली. मंगळवारी परत विचारू."

मंगळवारी परत. पाकळीच्या शब्दावर दिलेली गोळी पाकळीच्याच शब्दावर थांबणार. आणि आज ती पाकळी मैथिलीनं पाडली होती. महाराजांत आणि तिच्यात फरक एवढाच, की तिचा हेतू बरा होता. असल्या बऱ्या हेतूंवरच उद्याचे महाराज पोसले जातात.

तिनं खिडकी ढकलून उघडली. "सावली माझीच आहे, महाराज. पण मंगळवार कशाला? आत्ताच विचारू. वहिनी, तू पाकळ्या लाव. तुझ्या हातानं."

"बाहेरच्या बाईनं कौल मागायचा न्हाय!" महाराज गरजले.

"लावू दे की," बुधाजी म्हणाला. दर वेळी त्याला साक्षीदार केलं होतं, आता तो जागेवरून हलणार नव्हता. "देवी काय घाबरते का बाईला?"

गौरीनं पाकळ्या चिकटवल्या.

"देवी," मैथिली मोठ्यानं म्हणाली, "तू माझ्या फोनमध्ये आहेस का? असलीस तर थंड श्वास सोड आणि उजवा दे. झांजा नकोत. शांतता हवी."

तिनं बटण दाबलं. बाहेर डबा घरघरला, आणि या वेळी तो सगळ्यांना ऐकू आला. छताच्या जाळीतून वारा सुटला. कुणी "आई आली" म्हटलं नाही. उजवी पाकळी पडली तेव्हा तिचा आवाज झाला असता तर तोही ऐकू आला असता.

"दादा, खण काढ."

देवदत्तनं खण काढला. चकतीवर अठराचा आकडा हिरवागार पेटला होता. बुधाजी जवळ गेला, आपलं बोट बघितलं, चकती बघितली. "ह्ये मी बंद केलंय. माझ्या बोटानं!"

"केलंत. आणि मी पडवीतून चालू केलं. मंगळवारी ह्यानं केलं." तिनं पियूषकडे बोट केलं. ती आता हॉलमध्ये आली होती आणि कुणाला ते खटकलंही नाही. "छताला दोन जाळ्या आहेत. डावी फुलांच्या मखरामागे पुठ्ठ्यानं बुजवलीय, बघा वर. वारा येतो तो फक्त उजव्या पाकळीवर. ती आधी सुकते, पडते. होकार. एसी बंद ठेवला की डावीकडच्या समईची धग डावी सुकवते. नकार. एवढंच."

"थोतांड!" महाराज म्हणाले, पण हिंदी, संस्कृत काहीच सुचलं नाही म्हणून साध्या मराठीत.

मैथिलीनं एसी बंद केला, जड समई दोन्ही हातांनी उचलून उजवीकडे ठेवली. गौरीनं न सांगता पुन्हा पाकळ्या लावल्या. या वेळी वारा नव्हता. आणि उजवी पाकळी पडली.

गौरीनं बोटावरचा शेंदूर पदराला पुसला. मग महाराजांकडे वळली. "माझ्या पोरीचं औषध तोडलंत. पुठ्ठा लावून."

तिनं आवाज चढवला नव्हता. तरी पियूष ताटातून मोबाईल काढून देऊ लागला, घाईनं, ज्याचा त्याला न देता. बुधाजी दाराला पाठ लावून उभा राहिला. "बसा म्हाराज. पोलीस पाटलाला बोलवायला पोर धाडलंय. तवर गार वारा घ्या."

सगळेच शुद्धीवर आले असं नाही. एक म्हातारे उठता उठता म्हणाले, "म्हंजे देवी मोबाईलवर पन येते." एका बाईनं समईला नमस्कार केला, नवी जागा कळली म्हणून असेल.

गौरी तिथेच बसली होती. "तू वाईट केलंस," ती मैथिलीला म्हणाली. "देवी नाही म्हणाली तेव्हा मला किती बरं वाटलं होतं. आता विचारायचं कुणाला?"

"डॉक्टरांना. ते चुकतायत वाटलं तर दुसऱ्या डॉक्टरांना. ते सांगतील त्याचं कारण विचारायचं, आणि कारण पटेपर्यंत परत विचारायचं. राग आला तरी विचारायचं. पाकळीला कारण विचारता येत नाही, वहिनी. जी गोष्ट कारण सांगत नाही, तिच्या हातात पोर द्यायची नाही."

"आणि देवी?"

"तुझी देवी तुझ्याकडे राहू दे. फक्त तिच्या नावानं बटण कोण दाबतंय, ते बघत जा. उद्या मी दाबत असले, तर माझाही हात धर."

गौरी उठली. आधी तिनं मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला, चुकलेल्या गोळ्यांचं खरं खरं सांगितलं, आणि काय करायचं ते दोनदा विचारून घेतलं. मग पेला भरला.

तुळशीनं गोळी जिभेवर ठेवली आणि भिंतीकडे पाहिलं. मैथिली झटकन पुढे झाली. पण पोरीची नजर चकतीवरच्या बारीक आकड्यावर होती.

"आई, एकतीस झालं," ती म्हणाली. "खिडक्या उघड ना."