अंगठ्याजवळची बटणं

कामठीहून येणारा शेअर ऑटो उलटला आणि प्रीतीचा डावा हात खाली सापडला. हाड जुळलं, पण बोटं वळेनात. धरमपेठेतल्या ऑफिसात ती दवाखान्यांची बिलं विम्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची. तिथे डाव्या हाताला उसंत नसे. कंट्रोल दाबून सी, कंट्रोल दाबून व्ही, मग टॅब, पुन्हा तेच. एका हाताने तिचं काम निम्म्यावर आलं. शेजारची अदिती तिची उरलेली बिलं आपल्याकडे ओढून घ्यायची, पण असं किती दिवस चालणार?

उपाय प्रीतीनेच शोधला. गेम खेळणाऱ्या पोरांचे व्हिडिओ बघून तिने अंगठ्याजवळ जास्तीची बटणं असलेला माउस मागवला. एका बटणावर कॉपी बसवलं, दुसऱ्यावर पेस्ट. मधलं चाक दाबलं की टॅब. ‘कागदपत्रे तपासली, बिल मंजुरीस योग्य’ हे रोजचं वाक्यसुद्धा चाकामागच्या बारक्या बटणावर बसवलं. सुरुवातीला अंगठा भलतीकडेच जायचा. एकदा पेशंटच्या नावाच्या जागी ते आख्खं वाक्य उमटलं, तेव्हा अदिती खुर्चीत हसून हसून आडवी झाली. मग हात बसला, आणि प्रीती सगळ्यांच्या पुढे गेली.

ऑफिसचे मालक विहंग सर एकदा तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“हे सगळ्यांना शिकव,” ते म्हणाले.

त्यांनी सगळ्यांसाठी तसले माउस आणले. प्रीतीने प्रत्येकीजवळ बसून बटणं लावून दिली. मयुरा डावखुरी, तिच्यासाठी वेगळी सोय केली. सर सगळ्यांसमोर म्हणाले, “प्रीतीनं ऑफिस बदलून टाकलं.” घरी तिने हे नवऱ्याला, अश्विनला, दोनदा सांगितलं.

“मंग आता नोकरीत पक्कं करतीन तुले,” तो म्हणाला.

महिना संपताना ऑफिस सांभाळणाऱ्या चारुशीला मॅडमनी तिला आत बोलावलं.

“काम आता लवकर उरकतं गं. इतकी माणसं लागत नाहीत, असं सरांचं म्हणणं आहे.”

“पण मॅडम, लवकर उरकते ते मी शिकवलं म्हणून ना?”

“ते कोण नाकारतंय? पण पुढे फोनवर बोलत बोलत टाइप करायचं काम येणार आहे. दोन्ही हात लागतील. तुलाच जड जाईल.”

“माझं काम सगळ्यांत जास्त आहे. तुम्ही पाहा ना कॉम्प्युटरवर.”

मॅडमनी पाहिलं नाही. “मी सरांशी बोलून बघितलं,” त्या म्हणाल्या. त्या बोलल्या नव्हत्या, हे प्रीतीला त्यांच्या आवाजावरूनच कळलं.

तिने आपला माउस काढून पर्समध्ये टाकला. अदिती पडद्याकडे बघत बिलं भरत होती. तिने मान वर केली नाही.

“शिकवलंच काहून वं त्याईले?” घरी अश्विन चिडला.

“विचारलं म्हणून. तिथं मले कोणी पहिल्यांदाच काही विचारलं होतं.”

पुढच्याच आठवड्यात, ती जेवायला बसली असताना अदितीचा फोन आला. सॉफ्टवेअर अपडेट झालं होतं, बटणं बंद पडली होती, सर ओरडत होते.

मला आठवत नाही, असं म्हणायचं प्रीतीच्या अगदी ओठांवर आलं. पण तिने सांगितलं. सेटिंग कुठे उघडायची, कोणत्या बटणावर काय लावायचं, शेवटी सेव्ह करायला विसरायचं नाही. अदितीची चूक झाली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

“झालं गं! थँक्यू. येते एकदा कामठीला तुझ्याकडे,” अदिती म्हणाली आणि फोन ठेवला. तू कशी आहेस, कुठे काम मिळालं का, तिने विचारलं नव्हतं.

समोर बसलेल्या अश्विनने सगळं ऐकलं होतं. त्याने तिच्या ताटात भाजी वाढली. प्रीतीने ताट सरकवून दिलं. अदितीपेक्षा तिला स्वतःचाच राग आला होता. इतक्या गोड आवाजात आपण का बोललो, ते तिला कळेना.