दुधाळ झालेलं तेल

थोरलीचं तेल दुधाळ झालं, आणि तिच्या तोंडी पहिलं नाव आलं ते धाकटीचं.

दोघी सख्ख्या जावा, त्यात एकाच प्रयोगशाळेत. थोरली तपासायची डोळ्याच्या शस्त्रक्रियेतलं तेल. आतला पडदा सुटला की तो जागेवर दाबून धरायला सर्जन ते डोळ्यात भरतात. ते नितळच राहायला हवं. त्याचे बारीक थेंब झाले, तर माणसाला सगळं धुक्यातून दिसतं. धाकटीकडे होतं यीस्ट, तेही साखर सोडून डिझेलवर पोसलेलं. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्या धाकटीचे किडे डिझेल पितात हो!" थोरलीच्या तेलाचं घरात कुणी कधी नाव काढलं नव्हतं.

"तुझं यीस्टच उडालं असणार," थोरली म्हणाली. "डिझेल फोडायला ते साबणासारखं काहीतरी सोडतं ना? तूच सांगत होतीस जेवताना, अगदी कौतुकानं."

"जाऊबाई, माझी भांडी त्या टोकाला असतात."

"हवेला टोक नसतं."

प्रकरण प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे, सरांकडे गेलं. यीस्टचा दोष निघाला तर यीस्ट मागच्या शेडमध्ये, असं ते म्हणाले. शेडमध्ये ना नळ, ना धड वीज. धाकटीचं काम बसलंच म्हणायचं. त्या दिवशी थोरली पोटभर जेवली.

पुरावा तिनंच उभा केला. दोन बाटल्यांत ताजं तेल आणि मिठाचं पाणी. एकीत यीस्टचे थेंब, दुसरीत काही नाही. दोन्ही हलवणाऱ्या यंत्रावर चढवल्या. यीस्टवाली दुधाळ होणार, दुसरी नितळ राहणार. सरांना दाखवताना चेहरा किती दुःखी ठेवायचा, हेही तिचं ठरलं होतं.

यंत्र थांबलं. दोन्ही दुधाळ!

दुसरीत यीस्ट नव्हतं, तेल नव्यानं उघडलेलं, मिठाचं पाणीही ताजं. मग उरली नुसती बाटली. आणि बाटल्या तर, धाकटीचा वारा नको म्हणून, थोरली हल्ली स्वतःच घासायची, सगळा राग काढत, भरपूर साबणानं. शेवटी स्पिरिटनं विसळायचा नियम होता, पण स्पिरिटचा कॅन धाकटीच्या बेसिनपाशी. तिथं कोण जाणार? नळाखाली धरलं की झालं.

आता ही दुसरी बाटली ओतून द्यायला कितीसा वेळ लागणार होता! ती हातात घेऊन थोरली उभी असतानाच धाकटी आली. आवरायला खोकी घेऊनच आली होती बिचारी.

"काय निघालं हो?"

थोरलीनं बाटली पुढे धरली. "साबण. माझाच."

धाकटी खोक्यावरच बसली. डोळे पुसले आणि म्हणाली, "जाऊ दे, जाऊबाई. सरांना सांगू या ना, दोघींच्या हातून झालं म्हणून."

"काही गरज नाही!" थोरली फणकारली. "चांगुलपणातही तूच पुढे का? चूक माझी आहे, तिच्यात वाटा मागू नकोस."

आणि दोन्ही बाटल्या घेऊन ती तरातरा सरांच्या खोलीकडे निघाली.