खांबावरून उतरवलेली पिशवी

माळावरच्या खांबाकडे बघू नका, तिथं मी नाही. मी इथं आहे, सोलापुरात, दाक्षायणीबाईंच्या मागच्या दारी, कपडे वाळत घालायच्या दोरीवर. भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांची, एका बाजूला रुंद तोंड आणि दुसऱ्या बाजूला निमुळती होत गेलेली ही लांबुडकी पिशवी दिसतेय ना, ती मी. ग्लायडिंग क्लबातले लोक मला विंडसॉक म्हणतात. शेजारच्या रानातली माणसं म्हणतात, "सायबाच्या पायजम्याचा एकच पाय वाळत घातलाय बगा." मला दोन्ही नावं चालतात. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझं काम अगदी साधं. वारा कुठून येतो आणि किती येतो, ते दाखवायचं. माझं रुंद तोंड जिकडं, तिकडून वारा. मी लोंबत असले की वारा मंद. ताठ आडवी झाले की वारा जोराचा. देवानं मला तोंड दिलं पण जीभ दिली नाही, त्यामुळं खोटं बोलायची सोयच नाही.

माझा जन्म दाक्षायणीबाईंच्या शिलाई मशीनवरचा. त्यांची मुलगी काव्या क्लबात ग्लायडर चालवायला शिकते. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. माळाच्या एका टोकाला ते उभं करतात, दुसऱ्या टोकाला विंच नावाचं यंत्र असतं. ते लांबलचक तार भराभरा गुंडाळतं आणि ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. मग तार सुटते आणि माणूस नुसत्या वाऱ्यावर राहतो.

आधीची पिशवी उन्हानं विरून गेली होती. शिकवणारे गुरुशांत सर काव्याला म्हणाले, "तुझ्या आईंना असलं काही शिवता येईल का गं?" काव्यानं ती फाटकी पिशवी घरी नेली. दाक्षायणीबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "ही तर झग्याची बाही हाय की. फक्त झगा न्हाय."

सोमवार होता, त्यांचा उपास होता. तोंडानं नमः शिवाय चाललेलं, पायानं मशीन चाललेलं. माझी एकेक शिवण त्या नामात भिजलेली आहे. मला खांबावर चढवलं त्या दिवशी त्या स्वतः माळावर आल्या होत्या. मी वाऱ्यानं फुगले तेव्हा त्यांनी खालून हात जोडले. त्याच दिवशी त्यांनी मनात एक नवस धरला. लेक एकटीनं उडून सुखरूप खाली उतरेपर्यंत पायात चप्पल घालायची नाही.

सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. तापलेल्या माळावर त्या बाईंचे अनवाणी पाय मी वरून पाहत असे. त्या सावलीसावलीनं चालायच्या, पण धावपट्टीजवळ सावली कुठली? ग्लायडरच्या पंखाची एक पट्टी, तेवढीच.

काव्या मात्र गुणी. ग्लायडरमध्ये बसली, पट्टे बांधले, की मान वर करून आधी मला पाहायची. सरांनी तसंच शिकवलं होतं. "पिशवीच्या तोंडाकडे तोंड करूनच उडायचं आणि तसंच उतरायचं. घारसुद्धा फांदीवर बसताना वाऱ्याकडे तोंड करते. आणि पिशवी ताठ झाली की शिकाऊ माणसानं खाली बसून चहा प्यायचा." दर शनिवारी सर हे सांगायचे. मला त्या माणसाबद्दल फार आदर होता. होता, असंच म्हणते.

आता त्या शनिवार-रविवारचं सांगते.

मे संपत आला होता. पावसाळा लागला की क्लब बंद होतो, म्हणून हंगामाच्या शेवटी सगळ्या सभासदांचं स्नेहसंमेलन ठेवलं होतं. शनिवारी दुपारपासूनच पश्चिमेचा वारा सुटला आणि मी ताठ झाले. उड्डाणं बंद झाली. मग एवढ्या माणसांनी करायचं काय? खायचं आणि प्यायचं.

मी कुणाला नावं ठेवणारी नाही. दाक्षायणीबाईंच्या हातची आहे मी, माझ्या तोंडी तसलं शोभतही नाही. पण जे पाहिलं त्याची शिसारी आली. कुणी ग्लायडरच्या पांढऱ्याशुभ्र पंखावर रश्श्याची वाटी ठेवली. कुणी तेलकट बोटं त्याच पंखाला पुसली. गुटख्याच्या पिचकाऱ्या मारायला त्यांना माझाच खांब सापडला. शौचालय चार पावलांवर असताना एक गृहस्थ खांबाआड उभे राहिले. मला डोळे मिटता येत नाहीत, काय करणार. कागदी पत्रावळ्या उडून धावपट्टीवर पसरल्या, कडेच्या बाभळींना लटकल्या. एकानंही वाकून एक उचलली नाही.

दाक्षायणीबाईंनी पहाटे उठून शेंगापोळ्या केल्या होत्या. लोकांनी एकेक घास मोडला आणि बाकीच्या टाकल्या. कुत्री आली तेव्हा कुठं त्या सत्कारणी लागल्या.

आणि बोलणी ऐकावीत. क्लबाचे अध्यक्ष आबासाहेब खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "असल्या वाऱ्यात आम्ही डोळे झाकून उडायचो."

त्यांच्या सौभाग्यवती शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "व्हय, म्हणून तर डोळे उघडल्यावर परत कधी उडाला न्हाई."

सगळे हसले. आबासाहेबही हसले. तेवढं एक बरं वाटलं.

रविवारी वारा आणखी वाढला. आणि रविवारीच मोठे पाहुणे यायचे होते. आबासाहेबांनी आधीच सगळीकडं सांगून ठेवलेलं, की आमच्या क्लबाची कन्या पाहुण्यांच्या हातून हिरवा झेंडा घेऊन आयुष्यात पहिल्यांदा एकटी उडणार. मांडव मात्र पश्चिमेच्या टोकाला घातला होता, कारण सावलीला कडेची कडुनिंबं तिथं. वारा पश्चिमेचा. म्हणजे उडायचं ते पूर्वेच्या टोकावरून, पश्चिमेकडं तोंड करून. पण झेंडा तर मांडवाजवळ दाखवायचा. मग आबासाहेबांनी विंच ओढून पूर्वेला नेलं आणि ग्लायडर मांडवापुढं आणून उभं केलं. वाऱ्याकडं पाठ करून.

गुरुशांत सर जवळ आले. खांबाच्या बुडाशीच हे बोलणं झालं, म्हणून मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"आबासाहेब, हे उलटं होतंय. वारा पाठीमागून आहे. आणि एवढ्या वाऱ्यात शिकाऊ पोरीला एकटं सोडत नाहीत."

"सर, पाहुणे काय वारा मोजायला येणारेत?"

"धोका आहे."

"धोका काय, रस्ता ओलांडताना पण असतो. हे बघा, आज नाही तर मग पावसाळ्यानंतर. आणि पावसाळ्यानंतर हिचा नंबर लागेल का नाही, ते मला आज सांगता येणार नाही. दुसरी पोरं पण आहेत."

आबासाहेबांनी वर माझ्याकडं पाहिलं.

"आणि ते वरचं फडकं उतरवा. फोटोत घाण दिसतंय. पाहुणे विचारतील, एवढं कशाला फडफडतंय."

आबासाहेबांचा भाचा ऋतुराज शिडी घेऊन आला. वाऱ्यानं शिडी डुगडुगत होती. ती खालून कुणी धरली, सांगू? गुरुशांत सरांनी. दर शनिवारी मुलांना "आधी पिशवीकडं बघा" म्हणणाऱ्या हातांनी. पिचकाऱ्यांचा वास मी सोसला, खरकटं सोसलं, पण शिडी धरलेले ते हात मला सोसवले नाहीत.

मला काढलं म्हणजे वारा गेला का हो? मांडवाचं कापड तर फाटेस्तोवर वाजत होतं. पण मान वर करून बघायची सवय मोडली, की बाकीचं दिसूनही दिसत नाही.

ऋतुराजनं मला वाढपाच्या टेबलावर टाकलं. रश्श्याचं पातेलं कलंडलं तेव्हा मीच हाताशी सापडले. तर्री पुसली माझ्यानं. मग कुणी हात पुसले, कुणी बूट. नामस्मरणात शिवलेलं माझं अंग लाल, ओशट आणि कांद्याच्या वासाचं झालं. शेवटी पायानं टेबलाखाली सारलं. तिथून कापडाच्या फटीतून जेवढं दिसलं, ऐकू आलं, तेवढं सांगते.

पाहुणे आले. हार झाले, भाषणं झाली. काव्या ग्लायडरमध्ये जाऊन बसली. आमच्या क्लबात एक रीत आहे. पहिल्यांदा एकटं उडणाऱ्याला घरच्या बाईनं ओवाळल्याशिवाय सोडत नाहीत. आबासाहेबांनीच ही रीत पाडली, फोटो छान येतो म्हणून.

दाक्षायणीबाई ताम्हण घेऊन अनवाणी पुढं आल्या. निरांजन लावलं. वारा आला, विझलं. पदराचा आडोसा करून पुन्हा लावलं. पुन्हा विझलं. एक बाई कुजबुजली, "अपशकुन गं बाई."

ऋतुराज म्हणाला, "मावशी, राहू द्या. मोबाईलची टॉर्च लावा ना. फोटोत काही कळत नाही."

दाक्षायणीबाईंनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. एका हातानं आडोसा धरून तिसऱ्यांदा वात पेटवली. ती जराशी तग धरून राहिली, लोकांनी कॅमेरे उचलले, आणि ती पण गेली.

मग त्यांनी ताम्हण खाली घेतलं.

"सर," त्या म्हणाल्या, "पिशवी कुठाय? मी शिवलेली?"

आबासाहेब हसत पुढं झाले. "अहो ताई, शुभ कार्याला उशीर नको. हळदकुंकू लावा, झालं."

"न्हाई. दिवा लागल्याशिवाय मी लेकीला सोडणार न्हाई. वारं पडू दे. मग ओवाळते."

"वारा काय तुमच्या सोयीनं पडणारे?"

"मग तिनं पण तुमच्या सोयीनं उडायला नको की."

ग्लायडरमधून काव्याचा आवाज आला. आईला ती अव्वा म्हणते. रडवेला, रागावलेला. "अव्वा, सगळ्यांपुढं माझी लाज काढू नको. आज नाही तर मला पुन्हा संधी मिळणार नाही. तुला माहितेय ना?"

"माहितेय."

"मग?"

"मग एकदा वर बघून मला सांग, वारं किती हाय. तू हो म्हटलीस तर मी टॉर्च लावून ओवाळीन."

फटीतून मला काव्याचं डोकं तेवढं दिसत होतं. तिनं सवयीनं मान वर केली. रिकामा खांब. ती बराच वेळ वर बघत राहिली. मग सरांकडं वळली.

"सर, तुम्ही सांगितलं होतं आधी पिशवीकडं बघ. आज कुठं बघू?"

सर म्हणाले, "मीच शिडी धरली होती, बाळ. उतर खाली."

पट्ट्यांचा खटका उघडल्याचा आवाज झाला.

तुम्हाला वाटेल, यानंतर काहीतरी अघटित घडलं असेल. मांडव उडाला असेल, सगळ्यांचे डोळे उघडले असतील. तसलं काही झालं नाही. पाहुण्यांनी रिकाम्या ग्लायडरला झेंडा दाखवून फोटो काढला, श्रीखंड-पुरी खाल्ली आणि गाडीत बसले. लोक निघताना म्हणत होते, "मायलेकींनी कार्यक्रमाचं वाटोळं केलं." आबासाहेबांनी काव्याशी शब्दही काढला नाही. तिचा नंबर पावसाळ्यानंतर लागणार का, हे आज कुणालाच ठाऊक नाही. दाक्षायणीबाईंच्या पायात अजून चप्पल नाही.

माणसं अशीही असतात, याचा मला वीट आला आहे. खोटं बोलतात त्याचा नाही एवढा. खरं दिसू नये म्हणून जी हौसेनं झाडलोट करतात, त्याचा.

मांडव रिकामा झाल्यावर सरांनी मला टेबलाखालून काढलं. दाक्षायणीबाईंनी पुढं होऊन माझी घडी केली आणि आपल्या थैलीत घातली. सर म्हणाले, "वहिनी, मी धुऊन आणतो." त्या म्हणाल्या, "राहू द्या. तुमी फक्त परत बांधा." "बांधतो," सर म्हणाले. "स्वतः बांधतो. परत कुणाला काढू देणार नाही." माझ्या मनातला राग पुरता गेलेला नाही. पण दाक्षायणीबाईंनी मान डोलावली, म्हणून मीही विश्वास ठेवायचं ठरवलंय.

सोमवारी सकाळी त्यांनी मला कोमट पाण्यात भिजवलं, साबण लावून घासलं, लिंबू चोळलं. वास गेला. तर्रीचा डाग मात्र एका पट्टीवर राहिलाय. राहू दे. खांबावर चढले की एवढ्या लांबून कुणाला दिसणार? आणि दिसला तरी चालेल.

तुम्हाला एवढंच मागणं आहे. कुठल्या माळावर माझ्यासारखी एखादी दिसली तर तिला शोभेसाठी उतरवू नका. घाण दिसत असेल तर धुवा, फाटली असेल तर टाका घाला. पण जागेवर असू द्या. खाली कुणाची तरी लेक बसलेली असते.

काल दुपारी दाक्षायणीबाई दोरीखाली पाट घेऊन बसल्या होत्या आणि माझ्या तोंडाची उसवलेली शिवण हातानं घालत होत्या. काव्या घरात होती. रविवारपासून ती आईशी धड बोलली नव्हती. ती दारात आली, चौकटीला टेकून उभी राहिली.

"अव्वा, एक विचारू?"

"विचार की."

"दिवा खरंच वाऱ्यानं विझत होता?"

दाक्षायणीबाईंनी दोरा दातानं तोडला. सुईत नवा ओवला. मग खाली बघतच म्हणाल्या,

"पहिल्या दोन वेळा वाऱ्यानंच."

"आणि तिसऱ्या वेळी?"

"तिसऱ्या वेळी मी आडोशाचा हात काढला."

पायरी उतरून काव्या आईशेजारी जमिनीवर येऊन बसली आणि टाका नीट बसावा म्हणून तिनं माझं तोंड दोन्ही हातांनी ताणून धरलं.